पुढच्या चाकातली टिकटिक

मी एका जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकातली ब्रेकची डिस्क आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी नीट पाहिलंही नसेल. ताटलीएवढी, मधे पोकळ असलेली लोखंडी तबकडी, तिच्याकडे कोण बघणार? लोक टाकीचा रंग बघतात, दिवा बघतात, सीटवर हात फिरवतात. पण पुढचा ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी मलाच चिमटीत धरलं जातं आणि चाक थांबतं. धावण्याचं कौतुक इंजिनाच्या वाट्याला येतं. येऊ द्या. थांबवणं माझ्याकडे आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. मला ओतलं, कातलं, भोकं पाडली आणि पाच बोल्टांनी चाकाशी बांधून टाकलं. प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली एक पातळ पत्रा असे. बोल्ट आवळून झाला की त्या पत्र्याचा कोपरा हातोडीनं वर वाकवून डोक्याला भिडवायचा, म्हणजे बोल्टनं कितीही मनात आणलं तरी त्याला फिरता येत नसे. दिसायला ते काम ओबडधोबडच होतं. पण त्या पत्र्यांच्या जिवावर मी पहिल्या मालकाकडे निर्धास्त राहिले. तो थकला, गाडी कोपऱ्यात गेली, कुणीतरी माझ्यावर ओली पोती टाकली आणि गंजानं माझं तोंड काळंनिळं करून टाकलं.

मग मला घड्याळजीनं बाहेर काढलं.

हा माणूस उताराच्या माथ्यावर राहतो. पुढे ओटी, ओटीवर गाडी, आणि गाडीच्या डोक्यावरच त्याच्या कामाच्या खोलीची खिडकी. आत भिंतभर घड्याळं. त्यानं गाडी घेतली ती हौसेनं आणि दुरुस्त केली तीही हौसेनं. माझा गंज त्यानं इतका हळुवारपणे उतरवला की मी त्याच्यावर जीव टाकला. म्हणून पुढचं सांगताना मला वाईट वाटतं.

घड्याळाचा स्क्रू कधी जोर लावून पिळायचा नसतो, ही त्याच्या हाताची जन्माची सवय. चिमटीत जेवढं लागेल तेवढंच. वर तेलाचा एक थेंब. माझे बोल्ट त्यानं तसेच लावले, नव्या नवरीला बांगडी चढवावी तसे. आणि ते वाकवलेले पत्रे? ते त्यानं चष्मा वर करून पाहिले आणि बाजूला ठेवले.

"हे गबाळ्याचं काम," तो बायकोला म्हणाला. "नीट बसवलेल्या वस्तूला कुलूप कशाला लागतं?"

त्याची बायको शिवणकाम करते. तिनं पत्र्यांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि मशीनवर जाऊन बसली. मला मात्र त्या क्षणापासून धास्ती लागली. माझ्या पाच भोकांत तेल होतं आणि वर पहारा कुणाचाच नव्हता.

सुरुवातीला काही झालं नाही. मग एक बोल्ट केसभर फिरला. मग दुसरा. ब्रेक दाबला की मी जागची किंचित सरकू लागले आणि आवाज येऊ लागला. टिक. ब्रेक सोडला की पुन्हा, टिक.

घड्याळजीच्या बायकोनं मागच्या सीटवरून तो पहिल्यांदा ऐकला. "अहो, पुढून काहीतरी वाजतंय."

"वाजू दे की. वाजतंय म्हणजे चालतंय," तो हसून म्हणाला. "वाजायचं थांबलं की काळजी करायची."

मित्रांनो, त्याचं तरी काय चुकलं? ज्याचं आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलं, त्याला टिकटिकीची भीती कशी वाटणार? उलट तो तिच्यावर खूश होता. उतारावरून जाताना तो मुद्दाम कान देई. त्या उताराच्या तळाशी रस्ता एकदम वळतो आणि समोर दगडी भिंत येते. भिंत दिसली की तो ब्रेक दाबायचा, मी टिक करायची, आणि तो मान डोलवायचा. माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

एके दिवशी गाडी स्टँडवर चढवताना पहिला बोल्ट ओटीवर पडला. बायकोला तो झाडताना सापडला. त्या घरात झाडताना सापडलेली बारीक वस्तू फेकायची नाही, असा कडक नियम आहे, कारण ती कुणाच्या तरी घड्याळातली असू शकते. तिनं तो बोल्ट उचलून बटणांच्या डब्यात टाकला. काही दिवसांनी दुसराही त्याच डब्यात गेला. खिडकीखालून मी सगळं बघत होते. ओरडता आलं असतं तर मी घसा फोडून ओरडले असते.

आणि मग सुट्टीला नात आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. सुट्टी संपली, तिची आई उताराच्या तळाशी राहते, तिथे तिला पोचवायचं होतं.

"मी पुढे बसणार," चिमणी म्हणाली. "टाकीवर."

"बस की. आपली गाडी वाजते कशी ते ऐकवतो तुला," आजोबा म्हणाले.

मी उरलेल्या तीन बोल्टांवर लटकत होते, आणि त्या तिघांतही एकच धडाचा होता. इंजिन सुरू झालं. आजोबांनी चिमणीला उचललं आणि तेवढ्यात तिच्या फ्रॉकचं पाठीवरचं बटण तुटून घरंगळत गेलं.

"थांबा," आजी दारातून म्हणाली.

"राहू दे गं, खाली तिची आई लावेल."

"उघड्या पाठीनं पाठवू पोरीला? माझ्या शिवणकामाचं नाव घालवायचंय का तुम्हाला?"

कुरकुरत त्यांनी चिमणीला खाली ठेवलं. इंजिन चालूच होतं. आजीनं बटणांचा डबा आणला आणि पायरीवर बसून तो झाकणात उपडा केला. बटणांत तिची बोटं फिरली आणि अडखळली.

"हे कुठल्या घड्याळातले हो? दोन आहेत."

"एवढा बोल्ट लागणारं घड्याळ चौकातल्या मनोऱ्यावरच असेल," ते हसत म्हणाले. "कुठे सापडले?"

"इथेच. गाडीखाली."

हसू तसंच ओठांवर राहिलं. त्यांनी इंजिन बंद केलं. गुडघ्यावर बसून मला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. टिक. पुन्हा हलवलं. टिक, टिक. मग बोटं बोल्टांवर आली. एक बोल्ट नुसत्या बोटांनी निघून हातात आला. दुसराही. ते दोन्ही त्यांनी झाकणातल्या दोघांशेजारी ठेवले.

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले.

"वाजतंय एवढंच म्हटलं होतं मी. काय वाजतंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं?" आजी म्हणाली आणि तिनं चिमणीला जवळ ओढून घट्ट धरून ठेवलं.

त्या दिवशी चिमणी आजीबरोबर बसनं गेली. घड्याळजीनं नवे बोल्ट आणले, नवे पत्रे आणले. भोकांतलं तेल पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, लांब पान्याला अंगाचा भार देऊन आवळले. शेवटी हातोडी घेऊन त्या पत्र्यांचे कोपरे वाकवले, एकेक करून, गबाळ्यासारखे. मी कधी कुणाचे इतके आभार मानले नसतील.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू वाजत असेल, तर त्या आवाजाची सवय होण्याआधी वाकून बघा. आम्हाला तेवढं एकच बोलता येतं.

आता मी अजिबात वाजत नाही. जुन्या बोल्टांतला एक आजीनं मुद्दाम डब्यात ठेवला आहे. चिमणी आली की खेळताना डबा खुळखुळवते, आणि बटणांत तो बोल्ट वेगळा वाजतो. आत भिंतभर घड्याळं चालू असतात, तरी घड्याळजीला तो बरोबर ऐकू येतो. ते हातातलं काम ठेवून बाहेर येतात, माझ्यापाशी गुडघे टेकतात आणि पाचही बोल्ट चाचपून बघतात. ते घट्टच असतात. तरी त्यांनी यावं, असं मला वाटतं. उतार अजून तिथेच आहे.