ताईचा डावा गाल

माणसांची तोंडं रंगवून मी पोट भरतो. हे वाक्य नुसतं ऐकलं की लोकांना वाटतं, वा, कलावंत. प्रत्यक्षात माझ्या जिन्याखाली एक किल्ल्या करून देणारा बसतो आणि त्याचं माझ्यापेक्षा बरं चाललंय. त्याची किल्ली कुलपाला लागली की काम संपलं. माझं गिऱ्हाईक चित्र बघून म्हणतं, "छान आहे, पण मी असा दिसतो?" मग ते बायकोला बोलावतं, मग सासूला.

म्हणून मी एक पद्धत बसवून घेतली आहे. चेहरा आहे तसा रंगवायचा, वाळू द्यायचा आणि शेवटच्या दिवशी साफसफाई करायची. साफसफाई हा माझाच शब्द. डोळ्यांखालच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, हनुवट्या दोन असतील तर एकच ठेवायची, तीळ, वांग, मुरुमांचे खड्डे, सगळं कातडीच्या रंगाखाली बुजवायचं. गिऱ्हाईक सांगत नाही, मी विचारत नाही. घेऊन जाताना मात्र म्हणतं, "अगदी हुबेहूब!" असे हुबेहूब लोक मी वीस वर्षं काढतोय.

ताई शिवणकामाच्या कारखान्यात कॉलरी लावायची, चाळीस वर्षं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ताई सोळाची. मला वाढवलं तिनं, चित्रं शिकायला घातलं तिनं, आणि "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय?" म्हणणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच वाटेला लावलं तेही तिनंच. तिच्या डाव्या गालावर जन्मखूण आहे. डोळ्याखालून निघून जबड्यावरून मानेपर्यंत उतरलेली, जांभळट. तिचं लग्न जमता जमता दोनदा मोडलं ते त्यापायीच, असं मावशी सांगायची. ताई स्वतः त्या खुणेबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही आणि मीही कधी विषय काढला नाही.

ती निवृत्त होणार म्हणून कारखान्यातल्या बायकांनी वर्गणी काढून तिचं चित्र करून घ्यायचं ठरवलं. कॉलर विभागाच्या भिंतीवर ते कायमचं लागणार होतं. भाऊच चित्रकार म्हटल्यावर काम दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

ताई चार रविवार माझ्या खोलीवर बसायला आली. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच खुर्ची वळवली आणि उजवा गाल पुढे करून बसली. घरातल्या सगळ्या फोटोंत ती तशीच आहे.

"ताई, सरळ बस," मी म्हणालो. "अर्धं तोंड काढायला मी काय नाण्यावर छापतोय तुला?"

"सरळ? नक्की?"

"चित्रकार मी आहे की तू?"

"तूच आहेस बाबा. तुला कॉलर लावायला दिली असती तर लोकांचे गळे आवळले असतेस."

हसत हसत ती सरळ बसली. पहिला तासभर तिची मान अवघडलेली होती, मग हळूहळू सैल पडली. तिसऱ्या रविवारी तर ती बसल्या बसल्या चक्क झोपली.

मी ती खूण रंगवली. दोन रविवार नुसते त्या खुणेची कड पकडण्यात गेले, कारण डोळ्याखाली ती कड स्पष्ट होती आणि जबड्यापाशी कुठं संपते तेच कळत नव्हतं. ते जमलं. कितीतरी वर्षांत माझ्या हातून असं काम झालं नव्हतं आणि ते मला समजत होतं. ताईला मी चित्र बघू दिलं नाही. एकदम कार्यक्रमातच बघ म्हटलं.

कार्यक्रम शनिवारी होता. शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर तीन चित्रं उभी होती, एका दातांच्या डॉक्टरांचं, एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं आणि ताईचं. तिन्ही त्याच दिवशी संपवायची होती. कातडीचा रंग एकदाच कालवला. डॉक्टरांची हनुवटी आवरली, बाईंच्या कपाळावरच्या आठ्या मोडल्या आणि त्याच ब्रशनं, त्याच रंगानं ताईच्या गालावर आलो. हात आपला चालतच होता. निम्मा गाल बुजला तेव्हा मला कळलं, मी काय करतोय ते.

इथपर्यंत हाताचा दोष म्हणता येईल. पुढचा माझा. चिंधी माझ्या डाव्या हातात होती, वरचा रंग ओला होता, खालचा वाळलेला. पुसायला दोन मिनिटं लागली असती. मी दोन पावलं मागं सरकलो आणि बघितलं, आणि माझ्या मनात आलं, अरे, किती छान दिसते ही अशी. उरलेला गाल मी नीट, सावकाश, जाणूनबुजून बुजवला.

कारखान्यात मशिनं बंद करून सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. मॅनेजरांनी चित्रावरचं कापड काढलं. टाळ्या वाजल्या, पण त्याआधी एक क्षण कुणीच काही केलं नाही. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. कुणीतरी म्हणालं, "किती गोड आलंय." आणखी कुणीतरी ताईकडे बघितलं, मग चित्राकडे, मग खाली.

ताई पुढे गेली. चष्मा पुसून तिनं चित्र जवळून पाहिलं, बराच वेळ. मग मला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून हळूच विचारलं, "हे कुठं गेलं रे?"

खरं सांगायची तीच वेळ होती. चुकलो ताई, म्हटलं असतं तर तिनं एक टपली मारली असती आणि मी चित्र परत नेलं असतं. माझ्या तोंडून शब्द निघाला, "कुठलं?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी चेहरा कोरा ठेवला, ते काम मला येतंच. आणि तिचे डोळे भरून आले.

"तुला ते दिसतच नाही?" ती म्हणाली. "इतकी वर्षं?"

मी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

तिनं मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. मग वळून, आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत त्या खुणेचं नाव काढलं. "ऐकलंत का गं? ह्यानं डाग मुद्दाम नाही गाळलेला. ह्याला तो ठाऊकच नाही. कडेवर घेऊन वाढवलं ना मी, म्हणून." बायकांनी आता खऱ्या टाळ्या वाजवल्या. मघाशी खाली बघणारीनं डोळे पुसले. मॅनेजरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी मान झुकवून सगळ्यांचे आभार मानले.

त्या बायकांत एक बॉबिन होती. इस्त्री विभागातली, मशिनीतल्या दोऱ्याच्या रिळासारखी सतत फिरणारी, एका जागी न ठरणारी, म्हणून सगळ्या तिला तसं म्हणतात. फार पूर्वी वाफेच्या नळीनं तिची हनुवटी आणि गळा भाजलेला, कातडी आवळून चुण्या पडलेली. ती लांबून माझ्याकडे बघत होती, काहीतरी ठरवत असल्यासारखी.

पुढच्या रविवारी ताई तिला घेऊनच जिना चढली.

"हिचंही काढ," ताई म्हणाली. "मोठं नको, एवढंसं. मुलीला द्यायचंय तिला. आजवर एक फोटो काढू दिला नाही ह्या बयेनं. मी म्हटलं, माझ्या भावासमोर बिनधास्त बस. त्याला असलं काही दिसत नाही."

मी काहीतरी कारण काढून बघितलं, हाताशी कामं फार आहेत वगैरे. ताईनं ऐकलं नाही. आता तिचं बोलणं ऐकताना मला आधी तिचा गाल दिसतो, मग ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या बाबतीत चोराला चांदण्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

बॉबिन खुर्चीत बसली, सरळ. गळ्याभोवतीचा रुमाल सोडून तिनं मांडीवर घडी करून ठेवला आणि हनुवटी वर केली. ताई माझ्या मागे स्टुलावर बसली.

"बघ," ती बॉबिनला म्हणाली, "कसा बघतोय तुझ्याकडे."

तासभर मी बॉबिनकडे, तिच्या त्या चुण्यांकडे बघत होतो. तिचे डोळे कसे आहेत ते मला आजही सांगता येणार नाही.