न वाजलेली घंटा

मित्रांनो, मला जुना म्हणा, डबडं म्हणा, खुशाल म्हणा. पण बिघडलेला म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही!

मी स्वयंपाकघरातला टायमर आहे. चकती पिळली की टिकटिक सुरू होते, शून्यावर आली की घंटा वाजते. माझी एक खोड मात्र कारखान्यातूनच आलेली आहे. थोड्या मिनिटांसाठी लावताना आधी चकती वीसच्या पुढे पिळायची आणि मग मागे आणायची. थेट पाचावर लावलं तर स्प्रिंगला ताण बसत नाही आणि मी वाजत नाही.

माझं घर म्हणजे शहराबाहेरच्या एकसारख्या घरांपैकी एक. आई नर्स, बाबा विमा कंपनीत आणि त्यांची बारा वर्षांची लेक चिऊ. फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असे. आईच्या ड्युट्या, बाबांच्या मीटिंगा, चिऊचं गणित, पियानो, पोहणं. देवाच्या वाट्याला रविवारचं चर्च तेवढं, आणि तेही गाडीत केस विंचरत गाठायचं.

एक दिवस आईने मला टेबलावर मधोमध ठेवलं. "रोज संध्याकाळी दहा मिनिटं," ती म्हणाली. बायबलमधल्या चार ओळी वाचायच्या, मग डोळे मिटायचे आणि प्रभूला काय सांगायचं ते सांगायचं, मनात किंवा मोठ्याने. नियम एकच. घंटा वाजेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

अंडी उकडायला जन्मलेल्या माझी छाती अभिमानाने फुगली. दोन वर्षं मी एकदाही चुकलो नाही.

मग दहाची सात मिनिटं झाली, सातची पाच. "अगं, फोनमध्ये टायमर आहे की! हे डबडं कशाला?" बाबा म्हणाले. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी. तिथून मी सगळं ऐकत होतो. ऐन प्रार्थनेत फोन टिंगकन वाजे आणि बाबांचं "थांबा हं, एकच मिनिट" सुरू होई. मला राग येई. आजही येतो.

शेवटी बाबा म्हणाले, "हे बंदच करू या. कुणाचंच लक्ष नसतं. शुक्रवारी शेवटचं."

आई बराच वेळ भांडी पुसत राहिली. "बरं," ती म्हणाली, "पण शेवटच्या दिवशी फोन नको."

शुक्रवारी आईची ड्युटी लांबली. "तुम्ही दोघं बसा," तिने कळवलं. चिऊची पोहण्याची बॅग दाराशी तयार होती. बाबांनी मला बाहेर काढलं. "पाच मिनिटं पुरेत," म्हणत त्यांनी चकती थेट पाचावर नेली. आतापर्यंत मला आईच लावत आली होती. त्यांना काय ठाऊक!

टिकटिक संपली. घंटा वाजली नाही. चिऊ नियम मोडेना, आणि लेकीसमोर तो मोडायचा तरी कसा, म्हणून बाबाही डोळे घट्ट मिटून बसले. खुर्ची दोनदा करकरली. मग सगळं शांत झालं.

खूप वेळाने चिऊ मोठ्याने बोलली. "प्रभू, मला पोहायला जायचं नाही. खोल पाण्यात माझा श्वास अडकतो. पण बाबांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात टेबलावरून चाचपडत निघाला, मला धक्का देऊन पुढे गेला आणि चिऊच्या हातावर थांबला. दोघंही रडत होती.

आईने येऊन दिवा लावला तेव्हा पोहण्याचा तास संपून गेला होता. "घंटा वाजलीच नाही," चिऊ म्हणाली.

आईने चकतीकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अरे, आधी वीसच्या पुढे न्यायचा असतो!"

"म्हणजे थेट पाचावर लावला तर वाजतच नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

मित्रांनो, त्या रात्री मी पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलो. दुसऱ्या संध्याकाळी तो उघडला तेव्हा, आता कचऱ्याचा डबा, असंच मला वाटलं. बाबांनी मला फडक्याने पुसलं आणि टेबलावर मधोमध ठेवलं. आई वीसची आठवण करायला तोंड उघडणार, तोच त्यांनी तिच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याला बाहेर काढा. पुसा, जपा, पण घाईच्या कामाला जुंपू नका. आम्ही ऐकणार नाही. मी तर त्या संध्याकाळीही वाजलो नाही, कारण बाबांनी चकती थेट पाचावर लावली होती, जाणूनबुजून.