काढलेलं नोझल

महादू मेस्त्रीने लाँचीच्या इंजिनाच्या पहिल्या पाइपाचा नट थोडा सैल केला. इंजिनाचा वेग लगेच खाली बसला आणि ते धापा टाकू लागलं. त्याने नट आवळला. मग दुसऱ्या पाइपाला पान्हा लावून तो नटही सैल केला. डिझेलची चिळकांडी त्याच्या मनगटावर उडाली, पण इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही.

"दुसरो मेलो," धक्क्यावरून लाँचीचा तांडेल गंगाराम म्हणाला.

"मेलोच," महादू म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

दोन सिलिंडरचं इंजिन. एक चालू, एक मेलेला. लाँच सकाळी खाडीच्या पलीकडून येत होती तेव्हाच त्याने चुकणारा ठोका ऐकला होता, आणि कुठे काय झालंय ते त्याला कळलं होतं. तरी त्याने नट एकेक करून सैल केले. आज सगळ्यांनी बघावं अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याने देवबागात निरोपही फिरवला होता, की बाबलीशेटची लाँच खोलतोय, या बघायला. माणसं आली होती. जाळी शिवायची सोडून धक्क्यावर बसली होती.

बाबलीशेट छत्री टेकून उभा होता. मालवणच्या बाजारात त्याचं इंजिनांच्या सामानाचं दुकान होतं आणि खाडीत ही लाँच. घर पलीकडच्या काठाला.

"शेट, तुमच्या लाँचीक दमो झालो काय?" कोणीतरी म्हणालं.

"औषध दुकानातलाच घेवा! दुसऱ्यांका देतास ताच!"

लोक हसले. बाबलीही हसला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

महादू हसला नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशात इंजिनात डिझेल फवारणारं एक नोझल होतं. त्याची बायको सुगंधा गेली तेव्हापासून ते तिथेच असायचं. सदरा बदलला की तेही या खिशातून त्या खिशात जायचं.

त्या दिवशी सुगंधाच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. वैद्याने कुडाळच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गावच्या लाँचीतून खाडीने वर जायचं आणि तिथून गाडी धरायची, एवढंच होतं. ओहोटी लागली होती. वाळूच्या दांड्याजवळ इंजिनाचा ठोका चुकला. मग चुकतच राहिला. महादूने तेव्हाही असेच नट सैल केले होते. कुठला सिलिंडर मेलाय ते त्याला कळलं, नोझलच गेलंय तेही कळलं, पण बदलायला दुसरं जवळ नव्हतं. इंजिन चालू आणि लाँच जागच्या जागी. काठावरचा एकच माड बराच वेळ समोर दिसत राहिला. सुगंधाने एकदा विचारलं, "इलो काय धक्को?" तो म्हणाला, "इलो." नंतर तिने विचारलं नाही.

बारा दिवस झाल्यावर त्याने ते इंजिन खोललं. नोझल नवंच होतं. लाँचमालकाने बाबलीच्या दुकानातून आणून परस्पर बसवलेलं. गोवा पोर्तुगीजांकडून मोकळा होईपर्यंत तिकडून परदेशी माल यायचा, तो खरा असायचा. नंतर तो बंद झाला आणि त्याच पेट्यांमधून हे येऊ लागलं. वरचा छाप तसाच, पण अक्षरं उथळ, नखाने घासली तर पुसट होणारी. तोंडाचं भोक वाकडं.

काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, ही महादूची पहिल्यापासूनची रीत. मग तो सडका वॉशर का असेना. ते एक नोझल मात्र त्याने दिलं नव्हतं.

तेव्हापासून तो बाबलीच्या लाँचीची वाट बघत होता. त्याची खात्री होती, की बाबली लोकांना खोटा माल विकतो आणि स्वतःच्या इंजिनात खरा वापरतो. कधीतरी ते इंजिन आपल्यासमोर उघडं होईल. मग त्यातलं खरं नोझल सगळ्यांदेखत बाबलीच्या हातात ठेवायचं आणि शेजारी खिशातलं. पुढचं लोकच बघतील.

तो लोकांकडे पाठ करून इंजिनावर वाकला. पाइप सोडवला, बोल्ट काढले, दुसऱ्या सिलिंडरचं नोझल उपसून काढलं. रॉकेलच्या डब्यात बुडवून चिंधीने पुसलं.

अक्षरं उथळ होती. त्याने नख घासलं. पुसट झाली. तोंडाचं भोक वाकडं होतं.

त्याने ते पुन्हा पुसलं. पुन्हा बघितलं.

"काय गावला?" गंगारामने विचारलं.

 महादूचा हात हत्यारांच्या पेटीत गेला. तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक खरं नोझल होतं. सुगंधाच्या दिवसांनंतर त्याने म्हापशाच्या एका ओळखीच्या माणसाकडून ते मिळवलं होतं. त्याने फडकं सोडलं. आता एका हातात खोटं होतं आणि एका हातात खरं. मागच्या माणसांना त्याची नुसती पाठ दिसत होती. वळायचं आणि खरं वर धरायचं. ह्या बघा, शेटच्या इंजिनात ह्या गावला. मेस्त्रीच्या शब्दावर कोणी संशय घेणार नव्हतं.

"मेस्त्री, आटप रे," बाबली म्हणाला. "पोरांची शाळा सुटतली. तेंका हाडूक जावचा आसा."

"पोरां ह्या लाँचीन येतत?" महादूने वळून न बघता विचारलं.

"मगे? रोज. दुसऱ्याच्या लाँचीचो माका भरवसो नाय."

"नोझल खंयचा घातलंस?"

"आता काय सांगू तुका! माजा दुकान आसताना मी खंय जातलंय? पेटीतला नवाकोरा दिलंय."

हे सांगताना त्याच्या आवाजात चांगलाच अभिमान होता.

 महादूने खरं नोझल बाजूला फळीवर ठेवलं आणि खोटं घेऊन वळला.

"शेट, हकडे ये. खाली उतर."

त्याने ते नोझल इंजिनाबाहेरच पाइपाला जोडलं, तोंड बाहेर करून. एक वर्तमानपत्र बाबलीच्या हातात दिलं आणि त्याला हातभर लांब धरायला लावलं. गंगाराम उतरून हँडल फिरवू लागला. नोझलच्या तोंडातून डिझेल गळलं. मधूनच एखादी धार निघायची आणि कागदावर एकाच जागी पडायची. कागद भिजून फाटला.

मग महादूने खरं जोडलं आणि दुसरा कागद दिला. गंगारामने हँडल फिरवलं. फस्, फस् असा आवाज झाला आणि नोझलपुढे धुकं उभं राहिलं. कागदावर एक फिकट गोल उमटला.

"ह्या असा पडाक व्हया," महादू म्हणाला. "तुजा नुसता गळता."

धक्क्यावर कोणी हसत नव्हतं.

"पण छाप तर तोच आसा," बाबली म्हणाला.

"नख घास."

बाबलीने नख घासलं. नखाकडे बघितलं. परत घासलं.

"मुंबयचो दलाल म्हणालो, आता हयच बनतत, फरक काय नाय. देवाशपथ सांगतंय, महादू. माका म्हायत नाय. मी माज्या पोरांका घातलंय असतंय ह्या लाँचीत?"

"नसतंस घातलंस," महादू म्हणाला. "तू चोर असतंस तर बरा झाला असता."

बाबलीला ते समजलं नाही. तो लोकांकडे बघू लागला. लोक दुसरीकडे बघत होते.

महादूने खरं नोझल इंजिनात बसवलं. बोल्ट आवळले, पाइप जोडला, हवा काढली. गंगारामने इंजिन चालू केलं. दोन्ही ठोके एकामागोमाग एक पडू लागले. महादूने कान देऊन ऐकलं आणि हात पुसले.

"जा. पोरांक हाड."

महादू हत्यारं घेऊन धक्क्यावर चढला आणि लाँचीतल्या बाबलीकडे वळून खाली वाकला.

"शेट, हात पुढे कर. काढलेलो पार्ट मालकाच्या हातात."

बाबलीने तळहात पुढे केला. महादूने त्यावर लाँचीतलं नोझल ठेवलं. बाबलीने मूठ मिटली.

"दुसरो हात."

"दुसरो कित्याक?"

महादूने खिशात हात घातला आणि दुसरं नोझल त्याच्या हातावर ठेवलं. ते खिशात राहून राहून गुळगुळीत झालं होतं. बाबलीने ते जवळ धरून बघितलं, नख घासलं.

"ह्या पण माज्याच दुकानातला दिसता. जुना आसा. ह्या खंयचा?"

"गावच्या लाँचीतला," महादू म्हणाला.

ती लाँच सगळ्यांना माहीत होती. त्या दिवशी अडकलेल्या लाँचीतून सुगंधाला आणायला गेलेल्यांपैकी चौघे तिथेच धक्क्यावर बसलेले होते. बाबलीही तेव्हा भेटायला आला होता, नारळ आणि तांदूळ घेऊन. गंगारामने मान खाली घातली.

  बाबली दोन्ही मुठी मांडीवर ठेवून लाँचीच्या फळीवर बसला. त्याची छत्री धक्क्यावरच राहिली. ती कोणी त्याला दिली नाही.

"सोड," महादू गंगारामला म्हणाला.

ओहोटी लागली होती. लाँच तिच्या विरुद्ध सरळ वर निघाली. वाळूच्या दांड्याजवळ पोचली, काठावरचा तो माड मागे टाकून पुढे गेली. ठोका कुठे चुकला नाही.

माणसं उठून गेली. महादूने हत्यारं पुसून पेटीत ठेवली. आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत तो ऐकत उभा राहिला. उभ्या उभ्याच त्याचा हात खिशाकडे गेला, आत चाचपडला, आणि तिथेच राहिला.