तांदळातलं नाव

मधुकररावांनी तबकातले तांदूळ तळहाताने सारखे केले आणि सोन्याची अंगठी मुलाच्या हातात ठेवली.

"लिही. रमा किंवा आनंदी. मी दोन नावांवर आणून ठेवलंय."

निनादने शेजारी बसलेल्या नव्या नवरीकडे पाहिलं. महानगर मोहल्ल्यातल्या त्या बैठकीच्या खोलीत लखनौची निम्मी मराठी मंडळी जमली होती. निम्मी म्हणजे बावीस. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले मधुकरराव सुनेचं नावही प्रमोशनसारखं गुणवत्तेवर ठरवणार होते. त्यांनी खिशातून यादी काढली.

"रमाबाई रानडे. बायकांसाठी सेवासदन. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत जाऊन डॉक्टर. बोल सूनबाई, कोणती?"

"बाबा, मला वेदिकाच राहायचंय," ती म्हणाली. "तेईस साल से यही नाम है."

"अगं, थोर बाईचं नाव मिळतंय. बसल्या जागी!"

मधुकररावांच्या पत्नी प्रतिमाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"त्या दोघींचं माहेरचं नाव एकच होतं," त्या म्हणाल्या. "यमुना."

मधुकररावांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"दोघींचं?"

"दोघींचं. लग्नात बदललं. तशी तिसरीही एक यमुना आहे, पण ती तुमच्या यादीत नाही."

"अच्छा! तिने काय केलं?"

"बत्तीस वर्षं तुमचा चहा केला."

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. मधुकरराव अंगठीकडे बघत राहिले. बासष्ट साली, सातारला, हीच अंगठी होती. 'यमुना फार जुनाट वाटतं,' असं तेव्हा तेच म्हणाले होते.

तेवढ्यात निनादने तांदळात नाव लिहून टाकलं. 'वे' जरा ऐसपैस झाला; 'दिका' तबकाच्या कडेला दाटीवाटीने बसली. वेदिकाने वाकून वाचलं आणि मान डोलावली. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. मधुकररावांनी यादीची घडी घातली, आणखी एक घातली आणि खिशात ठेवली.

कप हातात आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"यमुना, जरा साखर."

कोणीच वळलं नाही. प्रतिमाताईही वळल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू.

प्रतिमाताई वळल्या. डॉक्टरांनी बंद केलेली साखर त्यांनी दोन चमचे घातली आणि ढवळूनही दिली.