माझ्या नाकावरचा वाकडा बिल्ला

मित्रांनो, भोकरदनच्या रामरावांची जुनी पांढरी मोटार ती मीच. अंगावर पोचे आहेत, एका दाराला ओरखडा आहे आणि नाकावरचा कंपनीचा बिल्ला जरा वाकडा आहे. तो वाकडा कसा झाला, ते आठवलं की अजून माझ्या छातीत धस्स होतं. मोटारीला छाती कुठली, असं मात्र विचारू नका.

कारखान्यात सगळं जोडून झाल्यावर अगदी शेवटी एका कामगारानं तो बिल्ला माझ्या नाकावर दाबून बसवला. मग रामरावांनी मला घरी आणलं आणि त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, त्याच बिल्ल्यावर हळदकुंकू वाहिलं. पुढं दर दसऱ्याला त्यांचा हात तिथं यायचा. मी बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या, लेकरांना शाळेत सोडलं, आजारी माणसांना जालन्याला नेलं. रामराव गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, सोमेश्वरच्या हाती आले.

पुढं काचबिंदूनं गोजरबाईंची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं. पण बाई मानी. बाजारात पांढऱ्या गाड्यांची रांग असली तरी कुणाचा हात धरायच्या नाहीत. एकेका गाडीच्या नाकावरून बोटं फिरवायच्या, माझ्यापाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "हीच आपली." मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

एका रविवारी सोमेश्वरनं मोबाइलवर काय पाहिलं कोण जाणे. बायकोचं, शीतलचं, केस वाळवायचं यंत्र घेऊन तो अंगणात आला आणि माझ्या तोंडावर गरम वारा सोडला. मग बिल्ल्याखाली मासे धरायचा नायलॉनचा तंगूस घालून करवतीसारखा ओढू लागला. मी हबकलेच.

"अहो, आईंना विचारलं का?" शीतल म्हणाली.

"बिनबिल्ल्याची गाडी साफ दिसती. आन् आईला कुठं दिसून राह्यलंय? तिला काय फरक पडतो?"

बिल्ला निघाला. मागची अक्षरंही निघाली. उरलेला डिंक त्यानं रॉकेलनं पुसला. टाकायला काढलेला बिल्ला शीतलनं गुपचूप माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिला. गोजरबाईंना कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर केदारखेड्याला एक लग्न होतं. जेवणं झाली. सोमेश्वर पाहुण्यांशी बोलत उभा राहिला आणि गोजरबाई "गाडीत बसते" म्हणून नेहमीसारख्या एकट्याच निघाल्या. त्या माझ्यापाशी आल्या. हात माझ्या नाकावर आला, इकडं तिकडं फिरला.

"ही न्हाई आपली," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझं काय झालं असेल! ज्या हातानं मला इतकी वर्षं कुंकू लावलं, त्या हातानं मला परकं ठरवलं. ओरडावं तर हॉर्न दुसऱ्यानं वाजवायचा.

थोडं पुढं शहागडच्या पाहुण्यांची गाडी होती, माझ्याच कंपनीची. तिचा बिल्ला जागच्या जागी होता. गोजरबाईंनी तो चाचपला आणि उघड्या दारातून आत बसल्या. "सरका मावशी जराशा," म्हणत बाकीचे बसले. लग्नाच्या गाडीत कोण कुणाचं, हे आपल्याकडं विचारायची रीतच नाही. त्यांना वाटलं, नवरीकडची म्हातारी आहे. गोजरबाईंना वाटलं, सोमेश्वरनं पाहुणे घेतले. गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

सोमेश्वर आला, त्यानं माझी सगळी दारं उघडून पाहिली. मांडवामागं बिनकठड्याची विहीर होती. तो तिकडं पळाला आणि काठावर पालथा पडून आत पाहत "आई, आई" म्हणत राहिला. त्याच्या तोंडाचा रंग उडालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात लग्नघरी फोन आला. जालन्यात चहाला थांबल्यावर गोजरबाई म्हणाल्या होत्या, "सोमेश्वर, घोटभर पाणी दे." तेव्हा ड्रायव्हर बोलला, "मावशी, मी सोमेश्वर न्हाई." मग सगळ्यांनाच घाम फुटला.

सोमेश्वर आणि शीतल मला घेऊन जालन्याला पोचले. गोजरबाई हॉटेलच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. सोमेश्वरनं त्यांना माझ्यापाशी आणलं. त्यांनी माझ्या सपाट नाकावर हात ठेवला आणि मागं सरकल्या.

"तुझ्या बापाची गाडी इकली व्हय रे? मंग मला सांगायचं तरी. मी आता कुणाच्याच गाडीत बसत न्हाई."

शीतलनं कप्प्यातून बिल्ला काढून सोमेश्वरच्या हातात दिला. शेजारच्या दुकानातून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी आणून त्यानं तो जागेवर बसवला. पण घाईघाईत बिल्ला वाकडाच बसला.

गोजरबाईंनी तो बराच वेळ चाचपला.

"वाकडा लावला."

"घरी गेल्यावर सरळ करतो, आई. चुकलं माझं."

"न्हाई, ऱ्हाऊ दे तसाच. सरळ तर त्या शहागडवाल्यांचा बी व्हता."

आणि त्या आत बसल्या, अगदी पुढं, रामरावांशेजारी बसायच्या त्याच जागी.

तर मित्रांनो, घरातल्या एखाद्या वस्तूवरचं काही काढून टाकावंसं वाटलं, तर आधी सगळ्यांना विचारा. आणि ज्याला दिसत नाही, त्याला सगळ्यात आधी विचारा.