टाळीच्या जागा

आत्याचं काम चुका कापायचं. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती बावीस वर्षं हेच करत होती. वाचणारा अडखळला की त्यानं एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं, अशी तिथली रीत. टाळीची उंच रेघ आत्याला संगणकावर लांबूनच दिसे. ती तिथं जाई, चूक उचलून ‘केर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकी आणि टोकं अशी जुळवी की कुणाला शंकाही येऊ नये. इतक्या वर्षांत एकही टाळी ऐकणाऱ्याच्या कानावर गेली नव्हती, आणि या बाबतीत ती नाकावर माशी बसू देत नसे.

यंदा मात्र घोडं अडलं. शाळेचं भूगोलाचं पुस्तक बदललं, तेही चांगलं तीनशे पानांचं, आणि परीक्षा सात आठवड्यांवर. वाचक उरले होते चार, चौघंही साठीच्या पुढचे, त्यात एकाचा घसा कायमचा बसलेला. एक विद्यार्थिनी दर सोमवारी फोन करायची, “काकू, भूगोल झाला का?” संस्थेत तिचं नावच भूगोलवाली पडलं होतं. आत्या दर सोमवारी ‘होतोय गं’ एवढंच म्हणायची.

मदतीसाठी संस्थेचं इन्स्टाग्रामवर खातं होतं म्हणा. तिथं चिटणीस हारतुऱ्यांचे फोटो टाकत आणि खाली ‘सढळ हस्ते सहकार्य करावे’ असं लिहीत. ते पाहायला सव्वीस माणसं होती, त्यातली अकरा चिटणीसांच्या घरची.

सुट्टीला आलेल्या सतरा वर्षांच्या भाचीनं ते खातं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग कुणाला न विचारता तिनं ‘केर’ उघडला. त्यात चौघा वाचकांतले निवृत्त मुख्याध्यापक एका ज्वालामुखीच्या नावाशी झुंजत होते. टाळी, पुन्हा टाळी, पाचव्या टाळीनंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आणि “हा डोंगर फुटला तेच बरं झालं.” भाचीनं तेवढंच खात्यावर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आम्हीही अडखळतो. एका मुलीला भूगोल हवाय. तू एक पान वाचशील?’

“माझी बावीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस,” आत्या म्हणाली.

“तुझं काम इतकं गुळगुळीत असतं ना आत्या, की आपल्याला हे जमणार नाही असंच वाटतं बघ ऐकणाऱ्याला.”

मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते तीनदा ऐकून म्हणाले, “माझं अजून काही आहे का त्यात?”

तीन दिवसांत दोनशे मुलामुलींचे निरोप आले. आत्याला कौतुक वाटलं ते त्यापुढच्या कामाचं. या पोरीनं एकालाही नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून वाटेला लावलं नाही. प्रत्येकाला त्याचं पान दिलं, कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून वाचलं की आवाज घुमत नाही हे शिकवलं, आणि पान तयार झालं की ‘तुझं एकशे त्रेचाळीस तिच्याकडे पोचलं’ असं कळवलं. मुलंही काय जिद्दीची! एकानं एका पानात एकोणीस टाळ्या वाजवल्या, पण पान सोडलं नाही.

धडे तयार होतील तसे आत्या पाठवत गेली, आणि त्या घाईत कधी नव्हे ते चुकली. नववा धडा न कापताच गेला, त्या पानावरच्या एकोणीसच्या एकोणीस टाळ्यांसकट. सोमवारी फोन वाजला.

“काकू, त्या टाळ्या कसल्या?”

आत्यानं सगळं सांगितलं. “चूक माझी आहे गं. दुसरा पाठवते.”

“नको, राहू दे.” भूगोलवाली म्हणाली. “मला वाटायचं, डोळ्यांनी वाचणारे चुकतच नाहीत. मी ब्रेल वाचताना अडखळते, म्हणून वर्गात कधी मोठ्यानं वाचत नाही. एखादं पान उरलंय का हो?”

आजवर त्या मुलीनं काही देऊ केलं नव्हतं, कारण कुणी तिच्याकडे मागितलंच नव्हतं. आत्याला हे पहिल्यांदा जाणवलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटचं शब्दार्थांचं पान उरलं होतं. आत्यानं ते फोनवर सावकाश सांगितलं आणि मुलीनं ब्रेलमध्ये टोचून घेतलं.

बुधवारी ती आली. माइकसमोर बसली, कागदावर बोटं ठेवली आणि दुसऱ्याच ओळीत अडखळली. शिकवल्याप्रमाणे तिनं टाळी वाजवली. बोटं परत कागदावर आली, पण ओळ सापडेना. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं हात मांडीवर घेतले.

“काकू, मला नाही जमणार.”

काचेपलीकडे बसलेली आत्या उठली. बावीस वर्षांत रेकॉर्डिंग चालू असताना तिनं ते दार कधी उघडलं नव्हतं. ती आत गेली, मुलीची बोटं धरून ओळीवर ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

“तू बोट उचलू नकोस,” ती म्हणाली. “टाळ्या मी वाजवते.”