मालतीकाकूंचा गोळाभात

फोटो निघेपर्यंत सत्काराची शाल खांद्यावरून काढायची नाही, असा शांताराम बोधनकरांचा हुकूम होता, आणि भोपाळचा मे महिना ऐन भरात होता. न्यायमूर्ती नीळकंठ पांढरीपांडे घामानं निथळत हसत राहिले. उच्च न्यायालयात भलेभले वकील त्यांच्यापुढे अदबीनं उभे राहत, पण पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत, मालतीकाकूंच्या या क्वार्टरमध्ये ते अजून पांढरीपांड्यांचा निळूच होते.

"साहेब, जरा इकडं बघा. काकू, तुम्ही जवळ सरका ना!" शांताराम म्हणाले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पिपलानीतल्या मराठी घरांत बारसं असो की बारावं, त्यांच्याशिवाय पान हलत नसे.

"पुरे रे तुझे फोटो," मालतीकाकू करवादल्या. "पोरगं थकलंय. जेवू दे त्याला."

पोरगं निवृत्तीला आलं होतं, पण थकलं होतं हे खरं. मंडला, बैतूल, शहडोल, मग जबलपूर. सगळी नोकरी माणसं टाळण्यात गेली. न्यायाधीशानं कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाच्या पंगतीला बसायचं नाही. उद्या तोच माणूस कोर्टात समोर उभा राहिला तर? लोक त्यांना शिष्ट म्हणत. बायको होती तोवर घरात बोलायला कुणीतरी होतं. आता तेही नव्हतं. म्हणून काकूंचा फोन आला, "एकदा जेवून जा रे," तेव्हा आयुष्यात या एका घरी जायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं.

येताना ते शेजारच्या क्वार्टरपाशी थांबले होते. लहानपण तिथंच गेलं. आता दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या आणि भिंतीवर लाल फुली मारली होती. जुनी क्वार्टर्स पाडत असतील, एवढंच त्यांच्या मनात आलं. आई दवाखान्यात पडून होती, वडील शिफ्टला जात, तेव्हा शाळेतून आला की निळू दप्तरासकट थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरायचा.

आजही काकूंनी तिथंच पाट मांडला. गोळाभात, म्हणजे भातात शिजवलेले डाळीच्या भरड्याचे गोळे, वर हिंग-मोहरीच्या फोडणीचं कडकडीत तेल, वाटीत चिंचेचं सार. पहिल्याच घासाला न्यायमूर्तींचे डोळे भरून आले. बंगल्यावर खानसामा वाढेल ते मुकाट खायची सवय झालेल्या जिभेला हे सोसवत नव्हतं.

शांतारामांना राहवलं नाही. "साहेब, देवच पावला बघा. मंगळवारी आपलं मॅटर तुमच्याच कोर्टात लागलंय ना! मी सगळ्यांना सांगून टाकलं, अब चिंता नहीं, आपला निळू बसलाय वर."

"कुठलं मॅटर?"

"क्वार्टर्स खाली करण्याचं. करार संपले, घरंही कमकुवत झालीत. नियमानं कारखान्याचं बरोबरच आहे म्हणा. आम्ही फक्त वर्षभर मुदत मागतोय. आता काकूंनी एकदम कुठं जायचं? लेकीकडं, सिंधूकडं, नागपूरला दोन खोल्या, त्यात सासू-सासरे."

न्यायमूर्तींनी हातातला घास ताटात ठेवला. मंगळवारची कागदपत्रं त्यांनी अजून उघडली नव्हती. वर्षभराची मुदत! अशा अर्जांवर त्यांनी ती आजवर कितीदा दिली होती, म्हाताऱ्यांना तर हमखास.

"शांतारामजी, हे प्रकरण आता मला ऐकता येणार नाही. दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल."

"अहो, पण आम्ही तुमच्याकडं काही मागितलं का? नुसतं सांगितलं!"

"सांगितलंत, तेच झालं. आणि मी इथं जेवायला बसलोय."

"मग ते दुसरे साहेब देतील ना मुदत?"

प्रकरण कुणाकडे जाईल ते न्यायमूर्तींना ठाऊक होतं. ते गृहस्थ पंधरवड्याच्या वर कुणालाच देत नसत, हेही ठाऊक होतं. त्यांनी ताट जरा दूर सारलं. "सत्काराची टूम माझीच हो," शांताराम कसंबसं म्हणाले.

काकू इतका वेळ ओट्याला टेकून ऐकत होत्या. "म्हणजे आज तू आला नसतास, तर तूच ऐकलं असतंस?"

"हो काकू. कागदावर नुसतं कॉलनीच्या संघटनेचं नाव असतं. त्यात तुम्ही आहात, हे मला कळलंही नसतं."

"मला वाटलं, जेवायलाच तर बोलावतेय. किती वर्षांत जेवला नाहीस इथं."

न्यायमूर्तींना मान वर करवेना. जन्मभर पथ्य पाळलं, आणि मोडलं ते नेमकं या घरी. ते उठायला लागले, तशी काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पाटावर बसवलं.

"आता उठून काय होणार आहे? जेव. एवढं महागाचं जेवण ताटात टाकून जाऊ नकोस."

त्यांनी पातेलं जवळ ओढलं, आणखी भात वाढला, तेल घातलं. न्यायमूर्ती खाली मान घालून जेवू लागले. काकू समोर बसल्या आणि तो नीट खातोय ना, ते बघत राहिल्या.